आत माणूस जागा आहे

मार्था सिस्टर गेल्याची बातमी मला शाळेच्या वाचनालयात कळली. धुळ्याचं वर्तमानपत्र आमच्याकडे अमळनेरला उशिरा येतं आणि आल्यावरही दोन-चार दिवस टेबलावर पडून राहतं. मधल्या सुट्टीत चहा घेता घेता मी सहज एक शिळा अंक ओढला, तर आतल्या पानावर, कापसाच्या भावाखाली, तीन ओळी. ‘येथील निवृत्त परिचारिका मार्था गावित यांचे अल्पशा आजाराने झोपेतच शांतपणे निधन झाले. त्यांच्यामागे एक भाची आहे.’ संपलं. दुःख मागाहून झालं, खरं तेच सांगतो. आधी आला तो संताप. झोपेतच शांतपणे! कुणी पाहिलं? उशाशी कोण बसलं होतं, मनगट कुणी धरलं होतं?... झोपलेला माणूस वेगळा आणि नुसता न हलणारा माणूस वेगळा, एवढीच एक गोष्ट जगाला सांगण्यात जिची नोकरी गेली, तिच्याच मरणावर कुणीतरी न बघता हा शिक्का मारून मोकळं झालं होतं. मी कप तसाच ठेवला, रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर टाकला आणि धुळ्याची एसटी धरली.

धुळ्याला त्यांची भाची सुशीला भेटली. ती स्वतः नर्स आहे, साक्रीकडे एका दवाखान्यात असते. मावशीला पक्षाघाताचा झटका आला, त्या निपचित पडल्यात, हे कळल्यावर ती धावत आली, पण सिस्टरांना ज्या इस्पितळात ठेवलं होतं तिथे भेटीची वेळ संध्याकाळी एक तास. नर्स असलीस तर तुझ्या दवाखान्यात, असं तिला सांगण्यात आलं. त्या एका तासात तिनं मावशीचं मनगट धरलं आणि कानाशी वाकून नवापूरकडच्या त्यांच्या पाड्यावरच्या माणसांची नावं घेतली. नाडी सत्तरच्या आसपास होती ती नव्वदीला गेली. गप्प बसली की उतरायची, बोलली की चढायची. तिनं हे ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, “बाई, तुम्ही थकलेल्या दिसता. घरी जाऊन जरा पडा.” पायाशी लटकवलेल्या कागदावर तिन्ही दिवस एकच शेरा होता: गाढ झोपेत. एकाच शाईनं, एकाच हातानं, बहुधा एकाच वेळी लिहिलेला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या, आणि तोच शेरा पुढे छापून आला.

तीन दिवस त्या जाग्या होत्या आणि त्यांच्या खाटेजवळ उभं राहून लोक काय काय बोलले असतील, हे मला कुणी सांगायला नको. अकरा वर्षांपूर्वी मीही तसाच एका खाटेवर पडलो होतो.

या पुरवणीच्या संपादकांनी मला आधीच बजावलंय की कुठल्याही इस्पितळाचं किंवा डॉक्टरचं नाव लिहायचं नाही. ठीक आहे. नाही लिहीत. जळगावातलं एक धर्मादाय इस्पितळ, एवढंच म्हणतो. पाटीवर देणगीदारांची नावं संगमरवरात कोरलेली आहेत, वाचायची असतील त्यांनी तिथे जाऊन वाचावीत. मी तेव्हा अमळनेर तालुक्यातल्या आमच्याच गावी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, चोवीस वर्षांचा. पावसाळ्याच्या तोंडाशी उकाड्यानं जमिनीवर सतरंजी टाकून झोपलो होतो. मण्यार चावली. मण्यारीचा दंश म्हणजे डास चावल्याइतकाही कळत नाही. सकाळी पोटात कळ आली, जीभ जड झाली आणि पापण्या खाली यायला लागल्या. चुलते, म्हणजे आमचे नाना, यांनी पायावरच्या दोन बारीक खुणा पाहिल्या आणि सगळं गाव गोळा झालं.

इथून पुढे जे झालं ते आमच्याकडे कुणाच्याही घरी झालं असतं. साप चावलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही, झोपला की तो गेला, हे आमच्याकडे जन्मल्यापासून प्रत्येकाला माहीत असतं. मला मारुतीच्या पारावर बसवलं, कडुनिंबाचा पाला चावायला दिला, कानाशी ताट वाजवलं. माझी थोरली बहीण अक्का रडत रडत गालावर चापट्या मारत होती. “भाऊ, जपू नको रे! डोया उघाड!” झोपेला आमच्याकडे जप म्हणतात. मला झोप आलीच नव्हती. माझ्या पापण्या विषानं लुळ्या पडल्या होत्या, आणि मी तर जन्मात कधी नव्हतो इतका टक्क जागा होतो. पण हे सांगायला जीभ उरली नव्हती. त्यांनी मिटलेले डोळे पाहिले आणि झोप समजले. त्या माणसांवर माझा राग नाही. शिकलेली माणसं पुढे हीच चूक करणार होती, त्यांच्यावर आहे.

जीपमधून आधी अमळनेर, तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तसंच जळगावला पाठवलं. पोचलो तेव्हा श्वास जवळजवळ थांबला होता. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि नळीला रबरी पिशवी जोडली. ती दाबली की छातीत हवा जायची, सोडली की बाहेर यायची. हे त्यांनी केलं, झटपट केलं, आणि त्यामुळे मी वाचलो. हे मी नाकारत नाही, कुणी तसं म्हणू नये. पण श्वास देणारं यंत्र तिथे नव्हतं. पिशवी हातानं दाबायची, दिवसरात्र. ते काम घरच्या माणसांचं. नाना, अक्का, गावातले दोघे-चौघे पाळीपाळीनं बसले. मी पाठीवर पडलेला. बोट हलत नाही, पापणी हलत नाही, बुबुळ हलत नाही. ऐकू मात्र सगळं येतंय. खाटेखालचं भांडं सरकवल्याचं, शेजारच्या पेशंटच्या बायकोनं केळी सोलल्याचंसुद्धा. कुणी पापणी उचलली की तेवढ्यापुरतं दिसायचं. मोठे डॉक्टर रोज सकाळी अंगठ्यानं पापणी वर करून बॅटरी मारायचे, आणि मला त्यांच्या खिशातली दोन पेनं आणि नाकाखालची कापलेली मिशी दिसायची.

नातेवाईक पिशवी दाबत होते आणि त्याच वेळी मला जागं ठेवत होते. पारावरचा उद्योग वॉर्डात चालू. फोडलेला कांदा नाकाशी, थंड पाण्याचे हबके, चिमटे, नावाचा पुकारा. मोठ्या डॉक्टरांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण त्यांच्या हिशेबी मी बेशुद्ध होतो. बेशुद्धाला कांदा काय नि अत्तर काय. म्हणजे एका बाजूनं माझी माणसं मला झोपू देत नव्हती, दुसऱ्या बाजूनं डॉक्टर म्हणत होते की हा कायमचा झोपला, आणि मधे मी, तीन दिवसांत डोळ्याला डोळा न लागलेला. तिसऱ्या दिवशी मला छतावरून मुंग्यांच्या रांगा उतरताना दिसायला लागल्या. मिटल्या डोळ्यांना. मी वेडा होत होतो, आणि ते ओरडून सांगायलाही माझ्याकडे काही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी पापणी उचलली, बॅटरी मारली, पापणी सोडली आणि माझ्या खाटेवरूनच नानांना म्हणाले, “बाहुली हलत नाही. मेंदू संपलाय याचा. मुंबईला मेंदूचा आलेख काढायचं यंत्र आहे, पण तिथवर हा टिकत नाही, आणि काढूनही काही निघायचं नाही. उगाच हात दुखवू नका. उद्या पिशवी थांबवा, घरी न्या, शेवटचं पाणी घरी पाजा.” पोस्टात पार्सल परत केल्यासारखं म्हणाले. मी ते ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. 

त्या डॉक्टरांच्या मागे सिस्टर उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण ओळखत होतो, कारण त्या वॉर्डात माझ्याशी बोलणारं माणूस फक्त ते एक होतं. पहिल्या दिवसापासून त्या मला गुरुजी म्हणायच्या. “गुरुजी, आता कूस बदलते हं.” “गुरुजी, डोळ्यांवर ओला कापूस ठेवते, नाहीतर कोरडे पडतील.” बाकीच्यांच्या दृष्टीनं त्या खाटेशी बोलत होत्या. छातीवर पिनेनं अडकवलेलं, मी बरा झाल्यावर पाहिलेलं उलटं घड्याळ, एक साधी चौकोनी वही, आणि दर अर्ध्या तासानं माझं मनगट. पूर्ण मिनिटभर मोजायच्या, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा आळशीपणा नाही. नुसता आकडा लिहून थांबायच्या नाहीत. त्या वेळी आजूबाजूला काय चाललंय तेही लिहायच्या. अक्का ओरडते आहे, शंभर. शेजारी भांडं पडलं, अठ्ठ्याण्णव. नातेवाईक जेवायला गेले, वॉर्ड शांत, ब्याऐंशी, मग चौसष्ट, मग पुन्हा चौसष्ट, मग कांदा, एकशे चार. तीन दिवसांत त्या वहीत माझं सगळं उतरलं होतं. कुठलं यंत्र नाही, वीज नाही, एक बाई आणि एक घड्याळ.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी नानांना बाजूला घेतलं नाही. माझ्या उशाशीच बोलल्या, मला ऐकू यावं म्हणून. “नाना, आत माणूस जागा आहे. आणि त्याला झोप मिळत नाहीये. तुम्ही त्याला मारताय.”

नाना उसळले. “जपना ते गया, सिस्टर! साप चावेल माणूसले जपू देवानं नही. तुले काय कयस?”

“मला एवढंच कळतं की हा रोज थोडा थोडा झोपायला बघतो आणि तुम्ही उठवता. पटत नसेल तर मनगट धरा. मी सांगते तिथे बोट ठेवा. लागतंय? आता सांगा, हा कशाला घाबरतो?”

नानांनी विचार केला. आमचे नाना म्हणजे खोटं बोलायचं झालं तरी आधी खरं आठवून घेणारा माणूस. म्हणाले, “हाऊ कोन्हाले घाबरत नही. फक्त तपासनीना साहेबले घाबरस.”

सिस्टर माझ्या कानाशी वाकल्या आणि करड्या आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, तपासणीचे साहेब दारात उभे आहेत. हजेरीपत्रक कुठाय? महिनाभराच्या बेरजा का नाही मारल्या?”

हसायचं त्यानं हसावं. मी मरणाच्या दारात होतो, मेंदू संपलेला माणूस होतो, आणि त्या महिन्याच्या बेरजा मी खरोखरच मारल्या नव्हत्या. माझं काळीज असं धडधडलं की काही विचारू नका. नानांना अक्षरओळख नव्हती, पण बैलाच्या मानेवरचा हात कधी चुकला नव्हता. ते एकदम ओरडले, “जित्ता शे! मना पोऱ्या आयकी राह्यना!” अक्कानं पिशवी दाबता दाबता हंबरडा फोडला. सिस्टरांनी दोघांनाही दटावलं आणि वहीत आकडा लिहिला. तो मला त्यांनी नंतर सांगितला, एकशे बारा. वर म्हणाल्या, “बरे होऊन गेलात की आधी बेरजा मारा.”

त्या वही घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांची खोली वॉर्डाच्या टोकाला, दार उघडं. सगळा वॉर्ड ऐकत होता, मीही. सिस्टर शांतपणे वाचून दाखवत होत्या. गोंगाट असताना एवढी, शांत असताना एवढी, सलग वीस मिनिटं चौसष्टवर, म्हणजे तेव्हा झोप असावी. झोप आहे म्हणजे जाग आहे, म्हणजे डोकं चालू आहे. हलत नाही ते विषामुळे असेल, बाहुलीसुद्धा. थोडे दिवस वाट पाहू या. डॉक्टर म्हणाले, “नर्सनं नाडी लिहायची असते, नाडीचा अर्थ लावायचा नसतो. कुठून शिकलात हे? पाड्यावर?” कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मला कधी कळलं नाही, कळलं असतं तर आज नाव लिहून संपादकांशी भांडण काढलं असतं. सिस्टर म्हणाल्या, “मिशनच्या दवाखान्यात शिकले, सर. पण हे तिथे नाही शिकवलं. हे बघून कळलं.” डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी पिशवी थांबेल आणि या विषयावर पुन्हा बोलणं नको.

सकाळी पिशवी थांबली नाही. नाना खाटेच्या आडवे उभे राहिले, डोईचा रुमाल काढून हातात घेतलेला. आयुष्यात डॉक्टरपुढे मान वर न केलेला माणूस म्हणाला, “साहेब, याले घर नही लई जावानं. पिशवी तुम्हनी, हात आम्हना.” डॉक्टरांनी खांदे उडवले. मला वाटतं, त्यांना वाटलं दमतील आपोआप.

सिस्टरांनी मग वॉर्डातला तो कोपरा आपल्या हातात घेतला. खाटेभोवती दोन चादरी टांगून अंधार केला. कांदा बंद, चिमटे बंद, पुकारा बंद. जेवणानंतर दोन तास आणि दिवे लागल्यापासून उजाडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. पिशवी दाबणाऱ्यानं स्वतःच्या श्वासाबरोबर दाबायची, रडायला आलं तर उठायचं आणि दुसऱ्याला बसवायचं. अक्काला तर त्यांनी सांगितलं, “तुम्ही भावाला जागं ठेवायला आला होता ना? आता झोपवायला बसा. लहानपणी झोपवलं असेलच.” ड्यूटी संपली तरी त्या निघायच्या नाहीत; स्टुलावर बसून मनगट धरून असायच्या. आणि मी झोपलो. तीन दिवस ज्याला लोकांनी आळीपाळीनं झोपेतून ओढून काढलं त्यालाच कळेल ती झोप काय होती. मुंग्या गेल्या. झोपेत शिरताना कानावर आलेलं त्यांचं वाक्य मला आजही ऐकू येतं, त्या हळूच नानांना सांगत होत्या, “आता उतरतेय. अडुसष्ट... पासष्ट... झोपला तुमचा मुलगा.” आणि नाना, झोपला म्हणजे गेला असं साठ वर्षं मानत आलेले नाना, म्हणाले, “जपू दे.”

सहाव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. मग बोटं, मग पापणी. पंधरवड्यानं मी नानांच्या खांद्याला धरून वॉर्डात चाललो. मोठे डॉक्टर सगळ्यांना सांगत होते, मला अंदाज होताच, मण्यारीत असं होतं. त्यांनी पुढे डॉक्टरांच्या कुठल्याशा सभेत माझ्या केसवर भाषण केलं, त्यात नाडीचे आकडे फळ्यावर लिहिले. आकडे कुणाच्या वहीतले, ते सांगायला ते विसरले. वही इस्पितळाच्या कार्यालयानं जमा करून घेतली होती, कारण सिस्टरांवर लेखी ठपका आला होता: डॉक्टरांच्या मताविरुद्ध नातेवाइकांना भडकवलं, वॉर्डात परवानगीवाचून चादरी टांगल्या. चादरी! माणूस वाचला याची नोंद कुठे नाही, चादरींची आहे. खुलाशात त्यांनी एकच वाक्य लिहिलं, ‘पेशंट जागा होता.’ महिनाभरात त्यांना कामावरून कमी केलं. त्या धुळ्याला गेल्या, एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीच्या नर्स म्हणून, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या.

इथवर मी दुसऱ्यांवर रागावलो. आता स्वतःचं सांगतो, कारण ते लपवून हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच जळगावच्या इस्पितळात गंभीर पेशंटांसाठी काचेची नवी खोली झाली. छातीला तारा लावल्या की पडद्यावर हिरवी रेषा उड्या मारत जाते, असं यंत्र आलं. उद्घाटनाला मला बोलावलं, मेलेला माणूस म्हणून मिरवायला. गाडी पाठवली, हार घातला, चार ओळींचं भाषण टाइप करून हातात दिलं. मोठे डॉक्टर मंचावर माझ्या शेजारी. मला वाटलं होतं, कागद बाजूला ठेवीन आणि सिस्टरांचं नाव घेईन. गाडीत बसल्यापासून वाक्य पाठ केलं होतं. उभा राहिलो, समोर शेटजी लोक, पुढच्या रांगेत आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, ज्यांच्या सहीवर माझी हायस्कूलची नोकरी... आणि मी कागद वाचला. डॉक्टरसाहेबांच्या कौशल्यामुळे मला पुनर्जन्म मिळाला. टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. विषानं जीभ लुळी पडते हे मी भोगलं होतं. त्या दिवशी विष नव्हतं, तरी ती हलली नाही. मी भेकड निघालो. दुसरा शब्द नाही.

हारासकट माझा फोटो छापून आला आणि धुळ्यापर्यंत पोचला. पुढच्या रविवारी मी सिस्टरांकडे गेलो, तोंड दाखवायला जागा नव्हती तरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी काय झालं ते सांगितलं, सगळं, अध्यक्षांच्या सहीसकट. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “ते जाऊ द्या. यंत्र कसं आहे हो? चांगलं आहे का?”

मी म्हटलं, “चांगलं असावं. रेषा दिसते.”

“पेशंटच्या कानाशी बोललं तर रेषा बदलते का, बघितलं कुणी?”

मी म्हटलं, तिथे कुणी पेशंटशी बोलतच नव्हतं. सगळे काचेबाहेरून पडद्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरला. माझ्या भाषणानं नव्हता उतरला, तो यानं उतरला. “मग त्यांना कसं कळणार तो झोपलाय की जागा?” एवढंच म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या. मी निघताना त्यांना शब्द दिला की हे सगळं लिहीन, छापून आणीन. मग परीक्षा आल्या, मग बदलीची भीती, मग आज-उद्या. तीन वर्षं. नाव छापायचं धाडस मला आलं ते त्या वाचू शकत नाहीत तेव्हा. म्हणून आता उशिरानं का होईना, मोठ्यानं लिहितो: मला मार्था गावित यांनी वाचवलं. त्या काचेच्या खोलीच्या दारावर देणगीदाराचं नाव आहे, त्यांचं नाही. आणि अकरा वर्षांनी तसाच न बघता मारलेला शेरा, ‘गाढ झोपेत’, त्यांच्या पायाशी लटकवला गेला, याची लाज कुणाला वाटली असेल तर त्यानं मला पत्र लिहावं. दीड महिना झाला. सिस्टर जिथे गेल्या त्या धुळ्याच्या इस्पितळाला मी दोन पत्रं पाठवली, तिन्ही दिवसांच्या शेऱ्याखाली सही कुणाची, एवढंच विचारलं. उत्तर नाही.

धुळ्याला गेलो त्या दिवशी सुशीलानं मला सिस्टरांची खोली उघडून दाखवली. एक खाट, स्टोव्ह, बायबल, आणि खिडकीला जाड निळा पडदा. सिस्टर रात्रभर ड्यूटी करून दिवसा झोपायच्या. धुळ्याला आल्या त्या पहिल्याच आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक दारी जाऊन त्यांनी सांगितलं होतं, “रात्रभर मी दुसऱ्यांच्या झोपा मोजते. दिवसा मला माझी एक तेवढी द्या.” गल्लीनं दिली. पोरं गोट्या खेळायला पलीकडच्या मैदानात जायची. समोरचा भांडी ठोकणारा कासार दुपारी हातोडी बाजूला ठेवून पॉलिशचं काम काढायचा. एका घरातला रेडिओ जेवणानंतर बंद. कुणी ठराव केला नव्हता, कुणी फलक लावला नव्हता. निवृत्त झाल्यावरही सिस्टरांची सवय सुटली नाही आणि गल्लीचीही. जे एका इस्पितळाला आकडे वाचून दाखवूनही पटलं नाही, ते या दहा-बारा घरांनी नुसतं सांगितल्यावर केलं.

आम्ही उंबऱ्यात बोलत उभे होतो. टळटळीत दुपार. गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याची आरोळी आली, मेथी, गिलकी, हिरवी मिरची, चांगला खणखणीत गळा. हातगाडी आत वळली आणि आरोळी थांबली. आमच्या दारावरून तो मुकाट्यानं गाडी ढकलत चालला, चाक दगडावर आपटू नये म्हणून एका हातानं गाडी किंचित उचलून. मला वाटलं, याला कळलं नसेल. मी पुढे होऊन म्हटलं, “अहो भाऊ, सिस्टर गेल्या. आठवडा झाला.”

तो थांबला. खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

“मालूम शे ना. मी व्हतू मातीले.”

“मग आता कशाला गप्प जाता?”

त्यानं बंद पडद्याकडे पाहिलं, पायाखालच्या गल्लीकडे बोट केलं आणि हळू आवाजातच म्हणाला, “काय करू, भाऊ. आठे तोंडच नही उघडस.”